छताखालचा ड्रोन

हल्ली लग्नाच्या फोटोवाल्याचं दरपत्रक एखाद्या सॉफ्टवेअर कंपनीच्या प्रपोजलसारखं दिसतं. सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम अशी तीन पॅकेजेस. प्रत्येकात 'कॅन्डिड', 'सिनेमॅटिक', 'टीझर', 'प्री-वेडिंग' असे भारदस्त शब्द. आणि सगळ्यात खाली, शेवटच्या ओळीत, 'ड्रोन शॉट्स (इनडोअर + आउटडोअर) - फ्री'. आपण त्या ओळीवरून नजर फिरवतो, 'फ्री' वाचून जरा सुखावतो आणि घासाघीस करायला वरच्या आकड्याकडे वळतो. मला आज बोलायचंय ते त्या शेवटच्या ओळीतल्या दोन शब्दांबद्दल. एक 'इनडोअर' आणि दुसरा 'फ्री'.

आधीच सांगून टाकतो, मी काही ड्रोनविरोधी पार्टीतला नाही. माझ्याकडे स्वतःचा एक पाव किलोच्या आतला ड्रोन आहे आणि हापिसातल्या पाच दिवसांचा शीण घालवायला त्याच्याइतका चांगला उपाय मला अजून सापडलेला नाही. मी तो घरातही उडवतो. पण माणसांनी भरलेल्या कार्यालयात, लोकांच्या डोक्यांवरून ड्रोन उडवणं हा मला शुद्ध आचरटपणा वाटतो. रिकाम्या हॉलमध्ये खुशाल उडवा. भरलेल्या हॉलमध्ये नको. 'बाहेर इतका छान उडतो, मग आत काय होणारे?' हा जो प्रश्न आहे ना, सगळा घोळ तिथेच आहे. आत काय होतं हे समजायला थोडं यंत्राच्या पोटात शिरावं लागेल. (घाबरू नका, गणित शाळेतल्यापेक्षा पुढचं नाही.)

मोकळ्या मैदानात ड्रोन उडवणं आता इतकं सोपं झालंय की दोन्ही स्टिक्स सोडून दिल्या तरी तो हवेत खिळा ठोकल्यासारखा उभा राहतो. वारा आला की वाऱ्याच्या विरुद्ध झुकून आपली जागा राखतो. रिमोटचा संपर्क तुटला की आपला आपण घरी परत येतो. हे सगळं बघून आपल्याला वाटतं, वा, काय मस्त उडवतोय आपण! प्रत्यक्षात आपण नुसत्या विनंत्या करत असतो. उडवत असतं ते आतलं सॉफ्टवेअर, आणि त्या सॉफ्टवेअरचा मोठा आधार म्हणजे सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरणारे जीपीएसचे उपग्रह. तिथून इथपर्यंत पोचेस्तोवर तो सिग्नल इतका क्षीण झालेला असतो की काँक्रीटचा एक स्लॅब त्याला पुरे होतो. म्हणजे कार्यालयाचं दार ओलांडून आत आलात की तुमच्या ड्रोनचा सगळ्यात हुशार अवयव झोपी जातो.

मग उरतं काय? पोटाखालचा छोटा कॅमेरा आणि जमिनीपासूनची उंची मोजणारा सेन्सर. हा कॅमेरा खालच्या जमिनीचे एकामागून एक फोटो घेतो, दोन फोटोंमध्ये नक्षी किती सरकली ते बघतो आणि त्यावरून 'आपण किती सरकलो' हे ठरवतो. तुमच्या टेबलावरचा ऑप्टिकल माउस हेच तर करतो! आता तो माउस काचेच्या टेबलावर ठेवून बघा. कर्सर एक तर हलत नाही, नाहीतर वेड्यासारखा उड्या मारतो. आपल्या कार्यालयांमधल्या फरश्या आठवा. गुळगुळीत, पॉलिश केलेल्या, वरच्या झुंबराचं प्रतिबिंब दाखवणाऱ्या. काही ठिकाणी त्यावर एकरंगी लाल गालिचा. कॅमेऱ्याला धरायला नक्षीच नाही. आणि खालून माणसं चालत असतील तर आणखी मजा, कारण जमीन सरकली की माणूस सरकला हे त्याला दर वेळी कळेलच असं नाही. वधूच्या मागून करवल्यांचा घोळका निघाला की ड्रोनला वाटू शकतं आपणच मागे चाललोय, की तो निघाला त्यांच्याबरोबर.

शिवाय उजेड. डीजेआयच्या मिनी मालिकेतल्या ड्रोनच्या मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं की खालच्या सेन्सरला साधारण १५ लक्सपेक्षा जास्त उजेड हवा. १५ लक्स म्हणजे फार नाही, पण रिसेप्शनला दिवे घालवून, धूर सोडून, जांभळे-निळे झोत फिरवत 'कपल एन्ट्री' होते तेव्हा तेवढाही धड असतो का? नेमका त्याच क्षणी फोटोवाल्याला ड्रोन हवा असतो! उपग्रह नाहीत आणि खालचा कॅमेराही आंधळा, अशा वेळी ड्रोन ज्या अवस्थेत जातो तिला ॲटी मोड म्हणतात. त्यात तो फक्त स्वतःला आडवा, समतोल ठेवतो. जागा धरून राहत नाही. एसीच्या झोतानेसुद्धा हळूहळू वाहत जातो, आणि स्टिक सोडली तरी घसरगुंडीवरून उतरल्यासारखा पुढे सरकत राहतो. ब्रेक नाहीत. ज्याने आयुष्यभर जीपीएसच्या जिवावर ड्रोन उडवलाय त्याला हा प्रकार पहिल्यांदा अनुभवायला मिळतो तो बरोबर मुहूर्ताच्या वेळी.

तुम्ही म्हणाल, मग हॉलच्या मध्यभागी नको, दाराजवळ उडवू, तिथे जीपीएस थोडा तरी मिळेल. मंडळी, तीच सर्वांत वाईट जागा! जीपीएस अजिबात नसणं परवडलं, अर्धवट असणं परवडत नाही. दारातून, खिडकीतून दोन-चार उपग्रह डोकावतात, काही सिग्नल शेजारच्या बिल्डिंगवर आपटून फिरून येतात. ड्रोनला वाटतं, चला, सापडली जागा. पण ती जागा खरी नसते, आणि क्षणाक्षणाला बदलते. सॉफ्टवेअर इमानदारीत ती 'चूक' दुरुस्त करायला जातं आणि ड्रोन भिंतीकडे झेपावतो. मोकळ्या आभाळाखाली, सगळं नीट चालू असतानासुद्धा, या मालिकेतल्या काही ड्रोनच्या जीपीएसवर स्थिर राहण्यात आडवा दीड मीटर इकडे-तिकडे चालतो असं त्यांच्याच माहितीपत्रकात लिहिलेलं असतं. मैदानात दीड मीटर म्हणजे काहीच नाही. हॉलमध्ये दीड मीटर म्हणजे मामांचा फेटा.

आणि ते 'घरी परत येणं'? ते तर आत चक्क सापळा होऊन बसतं. संपर्क तुटला की घरी परतणारा ड्रोन आधी काय करतो? झाडं-इमारती चुकवायला ठरवलेल्या उंचीपर्यंत वर चढतो. तीस मीटर, शंभर मीटर, जे काही सेटिंग असेल ते. बाहेर अंगणात उड्डाण करून, 'घर' नोंदवून, तसाच दारातून आत आणलेला ड्रोन आत आल्यावर संपर्क तुटून वर चढायला लागला तर? वर छत. म्हणून आत उडवण्याआधी 'संपर्क तुटल्यास' या सेटिंगमध्ये घरी परत न येता आहे तिथेच थांबणं किंवा उतरणं निवडायचं असतं. आम्ही सॉफ्टवेअरवाले फेलसेफ हा शब्द फार प्रेमाने वापरतो. पण फेलसेफ हा कुठल्या तरी गृहीतकावर उभा असतो, आणि इथलं गृहीतक आहे 'वर आकाश आहे'.

आता हवेकडे वळू. ड्रोन हवा खाली ढकलतो म्हणून उडतो. बाहेर ती हवा निघून जाते. आत ती भिंतीला, जमिनीला आपटून परत येते आणि आपणच उठवलेल्या वावटळीत ड्रोन डुगडुगतो. भिंतीच्या फार जवळ गेला तर भिंतीकडे ओढला जाऊ शकतो. छताचा प्रकार तर फारच गमतीशीर आहे. पंखे छताच्या अगदी जवळ आले की वरच्या फटीतला दाब कमी होतो आणि ड्रोन वर खेचला जातो, व्हॅक्यूम क्लीनरला पडदा चिकटावा तसा. नवशिक्याला वाटतं, बाकी कशाला नाही तरी उंचीला धोका नाही. असतो बरं का.

उंची मोजायला ड्रोनमध्ये हवेच्या दाबाचा सेन्सरही असतो. एक मीटर उंचीचा फरक म्हणजे जेमतेम बारा पास्कल दाब. स्वयंपाकघराकडचे मोठे एक्झॉस्ट फॅन चालू आहेत आणि कुणीतरी मुख्य दरवाजा धाडकन उघडला, तर बंद हॉलमधला दाब तेवढ्यानेही थोडा हलतो. होकायंत्राची गत तर विचारूच नका, स्लॅबमधल्या सळया आणि डीजेच्या स्पीकरमधली चुंबकं यांच्यामध्ये बिचाऱ्याने उत्तर कुठे शोधायचं!

परदेशी मॅन्युअल लिहिणाऱ्यांच्या स्वप्नातही न आलेल्या गोष्टी आपल्याकडे आणखी निराळ्या. छताचे पंखे. झेंडूच्या माळा. झालरी. दिव्यांच्या बारीक वायरी, ज्या महागातल्या ड्रोनच्या अडथळे ओळखणाऱ्या कॅमेऱ्यांनासुद्धा धड दिसत नाहीत. अंतरपाट धरलेले दोन गुरुजी. आणि अक्षता! जगातल्या कुठल्या ड्रोन कंपनीने 'तीनशे माणसं एकाच वेळी तांदूळ फेकतील' अशी चाचणी घेतली असेल असं मला वाटत नाही :)

गेल्या डिसेंबरात एका लग्नात मी हे सगळं एकत्र बघितलं. वरमाला चालू होत्या, ड्रोन वर घिरट्या घालत होता, उडवणारा मुलगा विशीतला, मान खाली घालून रिमोटच्या स्क्रीनकडे बघणारा. कुणीतरी बाहेरच्या मंडळींसाठी मागचा मोठा दरवाजा उघडला. वारा आत आला, स्टेजमागचा तलम पडदा फुगून पुढे आला आणि ड्रोनच्या पंख्यात गुंडाळला गेला. ड्रोन पडला तो पहिल्या रांगेतल्या खुर्चीवर. खुर्ची रिकामी होती, कारण तिच्यावरच्या आजी फोटोसाठी स्टेजवर गेल्या होत्या. एवढंच. सगळे हसले, कुणीतरी टाळ्याही वाजवल्या. आजी परत येऊन त्याच खुर्चीवर बसल्या. त्या मुलाचा चेहरा मात्र पांढराफटक पडला होता, आणि त्याचा मालक त्याला कोपऱ्यात घेऊन जे बोलत होता ते ऐकवत नव्हतं. खरं तर तिथे उडवायला त्याला त्या मालकानेच सांगितलं होतं.

'पडला तरी केवढासा असतो तो' असं म्हणणाऱ्यांसाठी थोडं गणित. ९०० ग्रॅमचा ड्रोन डोक्यापासून चार मीटर वरून पडला तर आदळताना त्याची ऊर्जा होते साधारण ३५ जूल. क्रिकेटच्या चेंडूला तेवढी ऊर्जा यायला तो ताशी ७५ किलोमीटर वेगाने यावा लागतो. म्हणजे लेगस्पिनरचा चेंडू, थेट टाळूवर, आणि तो येतोय हेही माहीत नाही. २४९ ग्रॅमवाल्याचं उत्तर ताशी ४० किलोमीटर येतं. त्याने माणूस मरणार नाही बहुधा, पण मांडीवर सहा महिन्यांचं बाळ घेऊन बसलेल्या बाईला जाऊन हे सांगा.

आणि हे झालं फक्त वजनाचं. पंखे वेगळेच. समजा १२ सेंटीमीटर व्यासाचा पंखा मिनिटाला दहा हजार फेरे घेतोय, तर त्याच्या टोकाचा वेग येतो ताशी सव्वादोनशे किलोमीटर. प्लॅस्टिकची पातळ पात आहे, हाड तोडणार नाही. पण डोळा हा काही हाडाचा नसतो.

असं झालंय का कधी? झालंय. डिसेंबर २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात टीजीआय फ्रायडेज या हॉटेलसाखळीच्या एका शाखेत नाताळची जाहिरात म्हणून ड्रोनला मिसलटोची फांदी बांधून जोडप्यांच्या डोक्यावरून फिरवत होते. (त्या फांदीखाली उभ्या असलेल्यांनी चुंबन घ्यायचं अशी तिकडची पद्धत.) बातमी करायला आलेल्या स्थानिक वर्तमानपत्राच्या छायाचित्रकार बाईंच्या तोंडाला ड्रोनचा पंखा लागला, नाक आणि हनुवटी कापली. ड्रोन छोटाच होता. पुढच्या वर्षी, ३० मे २०१५ ला, मेक्सिकोतल्या तिहुआना शहरात एन्रिके इग्लेसियासने भर कार्यक्रमात शूटिंग करणारा ड्रोन हाताने पकडायला जाऊन बोटं कापून घेतली, नंतर शस्त्रक्रिया करावी लागली. हा कार्यक्रम छताखालचा नव्हता, पण 'हाताने पकडू' हा मोह आतच जास्त होतो म्हणून सांगितलं. जागा धरून ठेवणारा ड्रोन तुम्ही पकडून ओढलात तर त्याला तो वाराच वाटतो, आणि तो तुमच्या हाताविरुद्ध जोर लावतो. त्याचा त्यात काही दोष नाही, त्याला तसंच शिकवलंय.

आता कुणीतरी मला तो बोलिंग ॲलीचा व्हिडिओ दाखवणार हे मला पक्कं माहितीये. दाखवाच. मार्च २०२१ मध्ये अमेरिकेतल्या मिनियापोलिस शहरातल्या ब्रायंट लेक बोलमध्ये जे क्रिस्टेनसेन या पायलटने दीड मिनिटाचा एक सलग शॉट घेतला. ड्रोन रस्त्यावरून दारात शिरतो, माणसांमधून, गल्ल्यांमधून, पिना उचलणाऱ्या यंत्राच्या मागून जातो. मी तो किमान वीस वेळा बघितला असेल. अप्रतिम आहे! पण तो ड्रोन होता सिनेव्हूप जातीचा, म्हणजे चारही पंखे फेसाच्या किंवा प्लॅस्टिकच्या कड्यांमध्ये बंद केलेला. पायलट जीपीएसच्या कुबडीवर कधीच अवलंबून नव्हता, सगळं हाताने उडवत होता, त्यामुळे आत आल्यावर त्याचं काहीच हरवलं नाही. एका टेकमध्ये जमलं नाही तर पुन्हा करायला वेळ होता. आणि त्या फ्रेममध्ये दिसणाऱ्या प्रत्येकाला माहीत होतं की आज इथून ड्रोन जाणार आहे. (ऐकू येणारे संवाद, पिना पडल्याचे आवाज नंतर घातलेत, कारण ड्रोनच्या भुणभुणीत दुसरं काही ऐकूच येत नाही. मंगलाष्टकांचं काय होत असेल याचा विचार करा.)

आपल्या फ्री पॅकेजमध्ये यातलं काय असतं? इथे मला त्या दुसऱ्या शब्दावर यायचंय. आत नीट उडवायचं तर एक उडवणारा आणि एक नजर ठेवणारा अशी दोन माणसं लागतात. आदल्या दिवशी हॉल बघून यावं लागतं. पंख्यांना कडी लागतात. जागा रिकामी करून मिळावी लागते, आणि तिला वेळ लागतो. या सगळ्याला पैसे पडतात. 'फ्री' म्हणजे यातलं काहीही नाही आणि वर एक विशीतला पोरगा, ज्याने सकाळपासून हळदीचे, साखरपुड्याचे, जेवणाच्या पंगतीचे शूटिंग केलंय. ग्राहक म्हणून आपणच ही ओळ फुकटात मागतो आणि मग मालक ती फुकटात देतो.

कायद्याचं म्हणाल तर तो सगळा आकाशाकडे बघतो. अमेरिकेतल्या विमान वाहतूक खात्याचे ड्रोनचे नियम बंद इमारतीच्या आत लागूच होत नाहीत. आपल्याकडचे २०२१ चे ड्रोन नियमही हिरवा, पिवळा, लाल अशी हवाई हद्दीची वाटणी करतात, छताखाली तुम्ही काय करता त्यात ते फारसे शिरत नाहीत. आणि त्यातली एक गंमत बघा. २५० ग्रॅमपर्यंतचा ड्रोन 'नॅनो', तो उडवायला पायलट सर्टिफिकेट लागत नाही. त्याच्या वरचा, धंद्यासाठी उडवायचा तर लागतं. अशा वजनमर्यादांच्या खाली राहायलाच कंपन्यांनी बरोबर २४९ ग्रॅमचे ड्रोन काढले. २०१९ साली आलेल्या माविक मिनीबरोबर पंख्यांभोवती पूर्ण जाळी बसवायची सोय होती, झकास होती, पण ती बसवली की वजन २५० च्या पार! म्हणजे जो ड्रोन लोकांसाठी जास्त सुरक्षित झाला तो कागदावर जास्त धोकादायक वर्गात गेला. नियम करणाऱ्यांना मी दोष देत नाही, वजन मोजायला सोपं असतं. पण 'माझा नॅनो आहे हो' हे वाक्य आतल्या सुरक्षिततेचं प्रमाणपत्र म्हणून कुणी पुढे केलं तर तेवढं मनावर घेऊ नका.

माझ्या मते आतल्या उड्डाणाचा खरा विचार केलाय तो स्वित्झर्लंडच्या फ्लायअबिलिटी या कंपनीने. त्यांचा पहिला ड्रोन गोल पिंजऱ्यात बसवलेला होता, पिंजरा मधल्या यंत्राभोवती मोकळा फिरायचा. भिंतीला आपटला तर नुसता घरंगळत पुढे जायचा. २०१५ साली दुबईच्या 'ड्रोन्स फॉर गुड' स्पर्धेत त्याला दहा लाख डॉलरचं बक्षीस मिळालं, आणि आता त्यांचे पिंजऱ्यातले ड्रोन बॉयलर, टाक्या, बोगदे तपासायला वापरतात. त्यांनी 'कधीच धडकणार नाही असा ड्रोन बनवू' हा नाद सोडून दिला. आत उडायचं म्हणजे धडकणारच, मग धडकल्यावर काही बिघडू नये एवढं बघू, असं म्हणाले. सर्व्हर सांभाळणाऱ्या कुणालाही हे लगेच पटेल. सर्व्हर पडणार हे धरूनच आपण सिस्टिम बांधतो ना?

मी घरात उडवतो तेव्हा हाच हिशोब धरतो. हा ड्रोन आत्ता, या क्षणी, इथून पडला किंवा तिरका निघाला तर कशावर जाईल? उत्तर 'सोफ्यावर' असेल तर ठीक. 'कुणावर' असेल तर उतरवायचा. बाकीचं सगळं यातूनच येतं. छताचे पंखे बंद, नुसते रेग्युलेटरवर कमी केलेले नव्हेत, पूर्ण थांबलेले. खिडक्या बंद, पडदे बांधलेले. दिवे सगळे लावलेले. गुळगुळीत फरशीवर एखादी नक्षीदार सतरंजी अंथरली की ड्रोन लगेच शहाण्यासारखा उभा राहतो, करून बघा. जाळी बसवलेली. स्पोर्ट मोड बंद. उंची छाती-डोक्याच्या मधली, म्हणजे जमिनीच्या वावटळीपासूनही लांब आणि छतापासूनही. लहान मुलं नि मांजर दुसऱ्या खोलीत. मोटर ताबडतोब बंद कशी करायची हे मॅन्युअलमध्ये आधी वाचून ठेवलेलं, कारण प्रत्येक मॉडेलची तऱ्हा वेगळी. आणि बॅटरी फुगलेली दिसली तर उड्डाण रद्द, ती परत चार्जिंगलाही लावायची नाही. लिथियमची आग घरात लागलेली परवडत नाही. नवीन घेणार असाल आणि मुख्यतः आतच उडवायचा असेल तर २०२४ मध्ये आलेला डीजेआय निओसारखा १३५ ग्रॅमचा, पंख्यांना कडी असलेला ड्रोन बघा. भारतात परदेशी तयार ड्रोनच्या आयातीवर फेब्रुवारी २०२२ पासून बंदी आहे हे मात्र लक्षात घ्या आणि बाहेरून येणाऱ्या चुलतभावाला गळ घालण्याआधी कस्टम्सचे नियम वाचा.

हे सगळं भरलेल्या कार्यालयात करता येईल का? पंखे बंद करून तीनशे माणसांना बसवणार? तेही शालू नेसलेल्या बायकांना?

आमच्या मावशीच्या मुलीचं लग्न आहे तुळशीच्या लग्नानंतर, आणि हे दरपत्रक सध्या मावशीच्या जेवणाच्या टेबलावर पडलेलं आहे. "अरे सगळ्यांच्या लग्नात असतो, आपल्याच का नको?" हा मावशीचा सवाल. फोटोवाल्यांशी मी परवा बोललो. "सर, आपला मुलगा एकदम एक्स्पर्ट आहे," म्हणाले. मी म्हटलं, "दादा, मुलाचा प्रश्न नाहीये हो. ड्रोन आणा की तुम्ही. फक्त सकाळी सातला आणा, सजावट झाली की, पाहुणे यायच्या आत. हॉल रिकामा, पंखे बंद, जाळी लावलेली. अर्धा तास तुमचा. आणि त्या अर्ध्या तासाचे वेगळे पैसे लावा, दोन माणसं पाठवा." पैसे म्हटल्यावर दादा जरा खुलले. मुहूर्ताला वरच्या गॅलरीत एक माणूस कॅमेरा घेऊन उभा राहणार, जुन्या कार्यालयांना गॅलरी असते हा एक मोठाच फायदा. अक्षता पडताना वरून, स्लो मोशनमध्ये, तिथून जास्त छान मिळतील असं दादांचंच म्हणणं पडलं. रिकाम्या हॉलचा ड्रोन आणि गॅलरीतला कॅमेरा जोडून दिला तर कुणाला फरक कळणार नाही, हेही तेच म्हणाले.

मावशीला पटलंय असं अजून मी म्हणणार नाही. सातपर्यंत सजावट पूर्ण हवी म्हटल्यावर ती नुसती हसली. "तुझा ड्रोन राहू दे," म्हणाली, "आधी तो फुलवाला सातला येतो का ते बघ."